शॉवर घेतला की खालच्या खोलीच्या छतातून पाणी, पण गळतंय कुठून तेच सापडत नाहीये

ओलावलेली

नमस्कार मंडळी, डोकं भणभणलंय म्हणून इथे लिहितेय, जरा लांबण लागेल. आमचं घर दोन मजली, वर बाथरूम आणि त्याच्या बरोब्बर खाली आईची खोली. चार महिने झाले आईच्या छताला ओल आहे, आधी ताटलीएवढा डाग होता आता पाटाएवढा झालाय, कडेचे पोपडे निघून निघून गादीवर पडतात आणि मधे एका जागी थेंब धरतो, फुगतो, पडतो, परत धरतो. खाली पातेलं ठेवलंय. आईला त्या टपटपीनं झोप लागत नाही, म्हणून पातेल्यात जुना टॉवेल टाकून ठेवलाय.

आतापर्यंत काय केलं तर एका प्लंबरनं नळांच्या चकत्या बदलल्या, शॉवर काढून परत टेप गुंडाळून बसवला. फरक शून्य. मग गवंडी आला, त्यानं टाइल्सचे सगळे जॉइंट खरवडून परत भरले, चार दिवस बाथरूम वापरू नका म्हणाला, आम्ही नाही वापरलं, थेंब थांबला, पुढे आठ-दहा दिवस ठणठणीत कोरडं! आम्ही खूश. आणि मग एका रविवारी परत सुरू. तोच उद्योग दोनदा झाला. आता तिसरा माणूस म्हणतोय सगळं फोडा, टाइल्स, खालचा कोबा, पाइप सगळं नवीन करा, त्याशिवाय मार्ग नाही.

एक विचित्र गोष्ट सांगते. मी सकाळी पाच मिनिटांत आंघोळ उरकते, त्यानं काही होत नाही. मुलगा वीस-वीस मिनिटं शॉवरखाली उभा असतो आणि सुट्टीच्या दिवशी एकामागोमाग एक सगळे आंघोळीला जातात, त्या दिवशी दुपारनंतर हमखास गळती आणि ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालूच. फोडायच्या आधी नक्की कुठून येतंय ते कळायचा काही उपाय आहे का? की माणूस म्हणतोय तसं डोळे मिटून फोडून टाकू?

झटपट_उपाय

टाइल्सवर मारायचं पारदर्शक केमिकल मिळतं, ब्रशनं दोन हात मारायचे, जॉइंटमधे मुरतं आणि काम तमाम. आमच्याकडे मारलं होतं. फोडाफोडीच्या नादी लागू नका.

शंकासुर

@झटपट_उपाय तुमच्याकडे पाणी जॉइंटमधून मुरत होतं म्हणून चाललं असेल. यांचा पाइप गळत असेल तर वरून केमिकल मारा नाहीतर तूप चोळा, पाण्याला काय फरक पडणार. मी स्वतः हे करून बसलोय, दोनदा केमिकल, एकदा ग्राउट (टाइल्सच्या जॉइंटमधे भरायचा माल), आणि शेवटी निघालं काय तर गरम पाण्याच्या लाइनीचा एल्बो भिंतीत गळत होता. ताई, आधी वर दिवा-पंखा आहे का त्या ओलीजवळ? असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि तो पॉइंट वापरू नका, बाकीचं सगळं नंतर.

ओलावलेली

@शंकासुर हो, डागापासून हातभरावर ट्यूबलाइट आहे! हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच बंद केला, आईला टेबललॅम्प दिलाय दुसऱ्या खोलीतून वायर ओढून.

पाना_पक्कड

ताई, हातोडीवाल्याला आठवडाभर थांबवा. पंचवीस वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो, फोडल्यावर सगळंच ओलं दिसतं, मग कुठून आलं ते कधीच कळत नाही आणि माणूस अंदाजानं सगळं बदलतो.

बाथरूममधलं पाणी खाली यायच्या वाटा मोजक्या आहेत. एक म्हणजे नळाच्या लाइनी, गार आणि गरम, ज्यात चोवीस तास दाब असतो. दुसरी म्हणजे कॉकपासून शॉवरपर्यंतचा भिंतीतला उभा पाइप, ह्यात कॉक उघडला तरच पाणी चढतं, बाकी वेळ तो रिकामाच, म्हणून ह्याची गळती भल्याभल्यांना सापडत नाही. तिसरी वाट फरशीतून आणि भिंतीच्या कोपऱ्यातून मुरणारं. आणि चौथी सांडपाण्याची, म्हणजे जाळी, तिच्याखालचं पाणी जायचं भांडं म्हणजे नहाणी ट्रॅप आणि त्याच्या पुढचा पाइप. ह्या चारीचं वागणं वेगळं असतं, ते ओळखलं की निम्मं काम झालं.

पण त्याच्याआधी एक काम, आणि हेच कोणी करत नाही. तुमच्या बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असणार आणि त्या खड्ड्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असणार. तो कोबा म्हणजे लपलेली टाकी आहे. आज गळलेलं पाणी आधी त्यात साठतं आणि मग स्लॅबला जिथे बारीक चीर सापडेल तिथून थेंब थेंब येतं, कधी कधी दोन दोन दिवस. म्हणजे आज पडणारा थेंब आजचाच असेल असं नाही आणि छतावरचा डाग गळतीच्या बरोब्बर खाली असेल असंही नाही. तुमचं जॉइंट भरल्यावर दहा दिवस कोरडं राहिलं ना, ते ग्राउटमुळे नाही हो, चार दिवस बाथरूम बंद ठेवलंत म्हणून कोबा रिकामा झाला आणि परत भरायला आठ-दहा दिवस लागले, एवढंच.

तर आता बाथरूम पूर्ण बंद करा. नळाच्या लाइनी मात्र चालू ठेवा, गीझर, कॉक सगळं जसं आहे तसं दाबाखाली राहू द्या. छतावर डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. थेंब थांबायची वाट बघा. पाच दिवस लागतील, सहा लागतील. थांबलाच नाही तर गळती दाबाच्या लाइनीत आहे. थांबला तर त्या लाइनी जवळजवळ संशयातून सुटल्या म्हणायच्या.

शंकासुर

नुसता मीटर बघून कळत नाही का? सगळे नळ बंद करायचे, आकडा लिहायचा, दोन तासांनी परत बघायचा.

पाना_पक्कड

पाणी थेट मीटरवरून नळाला येत असेल तर कळतं. पण गच्चीवरच्या टाकीतून खाली येत असेल तर मीटर टाकीच्या अलीकडे असतो, त्याला पुढची गळती काय कळणार. मग टाकीत येणारं पाणी बंद करून रात्री टाकीत पातळीची खूण करायची आणि सकाळी कोणी नळ उघडायच्या आत बघायची. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत 1 मिलिमीटर म्हणजे पाऊण लिटरच्या जरा वर. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला साधारण 4-5 लिटर जातात, म्हणजे आठ तासांत जेमतेम दोन मिलिमीटर पातळी उतरायला हवी, नीट बघितलं तरच दिसते. फ्लशची टाकी गळत नाहीये ना ते आधी बघा, नाहीतर त्याचाच दोष पाइपाला लागायचा.

सिव्हिलवाला

पक्कडदादांनी म्हटलंय ते बरोबर, मी साइटवर असतो, थोडी भर घालतो. कोरडं झालं की फरशीची पाणी भरून टेस्ट करा. जाळी काढायची, ट्रॅपच्या गळ्यात बोळा नाहीतर रबरी बूच घट्ट बसवायचं, दाराच्या उंबऱ्याशी विटा आणि प्लास्टिकचा बांध घालायचा आणि तीन-चार सेंटिमीटर पाणी भरायचं. जास्त भरू नका, 1 चौरस मीटरवर 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे 50 किलो वजन, घरातली जमीन लाकडी तुळयांवर असेल तर हा प्रयोग विचारल्याशिवाय करूच नये. भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची रेघ, आणि शेजारी एक वाटी पाणी भरून ठेवा, वाफ होऊन जे कमी होईल ते वाटीतही तेवढंच कमी होईल. 24 तास थांबायचं. एका वेळी एकच टेस्ट करा बरं का, मधे पुरेसा कोरडा वेळ सोडून, घाई केली की उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि मग कपाळावर हात मारून घ्यायची वेळ.

ओलावलेली (नऊ दिवसांनी)

मंडळी हजर आहे. सगळे खालच्या छोट्या न्हाणीत आंघोळ करतोय, मुलाचं तोंड वाकडं आहे पण चालतंय.

बाथरूम बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी थेंब विरळ झाला आणि पाचव्या दिवशी सकाळी पातेलं कोरडं. नळाच्या लाइनी चालू होत्या. मग पक्कडदादांना विचारून शॉवरचं डोकं काढून तिथे डमी, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करायचं बूच, लावला आणि कॉक तासभर उघडा ठेवला, म्हणजे उभ्या पाइपात दाब पण फरशीवर एक थेंब नाही. दीड दिवस वाट बघितली, काही नाही. मग काल पाण्याची टेस्ट. बोळा बसवला, बांध घातला, 4 सेंटिमीटर भरलं. 24 तासांनी बघितलं तर पातळी जेमतेम एक मिलिमीटर खाली आणि वाटीतही तेवढंच. छत कोरडं. मी म्हटलं झालं, काहीच गळत नाही, भूतबाधा आहे! बोळा काढला, पाणी एकदम गडगडून गेलं. आणि तीन-चार तासांनी थेंब!! म्हणजे फरशीतूनच ना? उशिरा का होईना मुरून आलं? तिसरा माणूस बरोबर बोलत होता बहुतेक, फोन करू का त्याला?

शंकासुर

मला पण तसंच वाटतंय, मुरायला वेळ लागला असणार.

पाना_पक्कड

थांबा थांबा फोन करू नका!! ताई तुमच्या बाथरूमनं स्वतःच उत्तर दिलंय की. चोवीस तास पाणी उभं होतं तेव्हा पातळी उतरली नाही आणि खाली काही आलं नाही. बोळा काढला, सगळं पाणी एकदम ट्रॅपातून गेलं, त्याच्यानंतर थेंब आला. म्हणजे फरशी संशयातून सुटली. ह्यात सांडपाण्याचाच दोष आहे.

आता पुढे बघा. दीड चौरस मीटर जागा धरली तरी 4 सेंटिमीटर म्हणजे 60 लिटर पाणी एका दमात गेलं. नहाणी ट्रॅपमधे एक वाटीसारखा भाग असतो जिथे पाणी कायम उभं राहतं म्हणजे वास वर येत नाही, आणि त्याच्या वर गळा असतो जो जाळीपर्यंत येतो. पाणी सावकाश आलं तर गळ्याच्या कडेनं घसरून खाली जातं. धो धो आलं किंवा खाली केस अडकलेले असले तर गळा तुंबतो, पाणी वर चढतं आणि गळ्यात वर कुठे फट असेल तर तिच्यातून बाहेर, थेट कोब्यात. तुमची पाच मिनिटांची आंघोळ म्हणजे चाळीस-पन्नास लिटर, तेही हळूहळू. मुलगा वीस मिनिटं उभा राहतो, शॉवर मिनिटाला 8-10 लिटर सोडतो, म्हणजे दोनशेच्या घरात, तेवढ्यात जाळीवर केस साचून पाणी तुंबायला लागतं. आणि तुम्ही बसवलेला बोळा फटीच्या वर बसत असेल तर उभं पाणी फटीपर्यंत पोचणारच नाही. म्हणूनच टेस्ट पास झाली.

जाळी काढा, ट्रॅप रिकामा करा, केस वगैरे बाहेर काढा, मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. मग हातात ग्लोव्ह घालून बोट गळ्याच्या कडेनं गोल फिरवा. वाळू लागली, खरखर लागली, बोट आत गेलं की सांगा.

ओलावलेली

केलं. ईऽऽ. केसांचा जो गोळा निघाला तो मी वर्णन करणार नाही, मुलाला दाखवला तर त्यानं तो आपला नसल्याचं ठामपणे सांगितलं.

पण दादा तुमच्या तोंडात साखर पडो! जाळीची चौकट आहे ना, तिच्याखाली दोन बोटं सिमेंटचा पट्टा आहे आणि त्याच्याखाली प्लास्टिकचा गळा सुरू होतो. म्हणजे प्लास्टिक वरपर्यंत आलेलंच नाही! तो सिमेंटचा भाग भिंतीच्या बाजूला धुऊन गेलाय, माझी करंगळी पहिल्या पेरापर्यंत आत गेली आणि बाहेर आली ती ओल्या वाळूनं माखून. फोटोत नीट येत नाहीये पण मागे काळं भोक दिसतं.

सिव्हिलवाला

हे फार बघायला मिळतं. ट्रॅप बसवताना फरशीची पातळी ठरलेली नसते, मग कोबा आणि टाइल चढल्यावर गळा खाली राहतो. तिथे गळ्याची उंची वाढवायचा प्लास्टिकचा तुकडा सोल्युशननं, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणानं, चिकटवायला हवा, पण तो आणायला कोण जाणार, मिस्त्री बाजूनं सिमेंटचा माल थापून बोटानं गुळगुळीत करतो आणि वर जाळी. सिमेंट आणि गुळगुळीत पीव्हीसी एकमेकांना धरत नाहीत, वर्षा-दोन वर्षांत चीर पडते आणि मग साबणाचं पाणी रोज थोडं थोडं खातं.

झटपट_उपाय

मग आता त्या भोकात सिलिकॉन मारून टाका की, दहा मिनिटांचं काम.

शंकासुर

तुम्ही काय ऐकत नाही बुवा 😀

(आणि मी वर चुकीचं बोललो होतो, मान्य.)

पाना_पक्कड

सिलिकॉन ओल्या आणि वाळूनं भरलेल्या जागेला चिकटत नाही, महिनाभरात जेलीसारखं उचलून हातात येतं. पाहुणे येणार म्हणून आठवडाभर ढकलायचं असेल तर मारा, मी नाही म्हणणार नाही, पण दुरुस्ती ती नव्हे.

ताई, पूर्ण बाथरूम फोडायची गरज नाही. जाळीच्या चारी बाजूंनी एकेक टाइल जाईल. कटरनं आधी जॉइंटवर रेघ मारून घ्यायची म्हणजे शेजारची टाइल तडकत नाही, मग छन्नी-हातोडीनं हलक्या हातानं. ट्रॅपच्या तोंडात कापड कोंबा नाहीतर तुकडे आत पडून नवं दुखणं. गळ्याभोवतीचा सैल माल सगळा काढायचा, प्लास्टिकची कड बाहेरून मोकळी दिसली पाहिजे. ती स्वच्छ पुसून, पूर्ण कोरडी करून, पॉलिशपेपर मारून खरखरीत करायची. नवा तुकडा आधी सोल्युशनशिवाय बसवून उंची मापायची, टाइलच्या पातळीपेक्षा किंचित खालीच राहिला पाहिजे, वर आला तर पाणी जाळीभोवती साचून बसेल. मग दोन्ही बाजूंना सोल्युशन, दाबत दाबत थोडं फिरवून अर्धा मिनिट धरून ठेवायचं. सोडलं की मागे सरकतो म्हणून धरायचं.

आता एक खुबी. त्या तुकड्याला बाहेरून परत सोल्युशन लावायचं आणि ओलं असतानाच त्यावर कोरडी जाड वाळू भुरभुरायची. वाळली की प्लास्टिक वाळूच्या कागदासारखं होतं आणि सिमेंटला धरायला काहीतरी मिळतं.

सिव्हिलवाला

त्याच्यापुढचं माझ्याकडून. खड्डा भरायला साधा माल नको, आकुंचन न पावणारा ग्राउट घ्या नाहीतर पॉलिमर घातलेला माल. उतार जाळीकडे, एका मीटरला 10 ते 20 मिलिमीटर. त्यावर वॉटरप्रूफिंगचं लेपन दोन हात, पहिला आडवा मारला तर दुसरा उभा, जुन्या लेपनावर चार बोटं चढवून आणि गळ्याच्या कडेवरून आत उतरवून. प्लास्टिक आणि सिमेंटच्या सांध्यावर दोन हातांच्या मधे फायबरची जाळी दाबायची, कारण हलणारी जागा तीच. डब्यावर लिहिलेला वाळायचा वेळ पाळायचा, मिस्त्री म्हणेल तासाभरात चालतं, त्याचं ऐकू नका. आणि टाइल लावायच्या आधी परत पाणी भरायची टेस्ट, ह्यावेळी बोळा खोल, नव्या सांध्याच्या खाली, म्हणजे सांधा पाण्याखाली येईल. लक्षात घ्या, मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. पास झाली तरच टाइल.

खालच्या छतावरही एकदा टकटक करून बघा, प्लास्टर बद्द वाजत असेल तर पडायच्या आत काढून घ्या. तांबूस गंजाचा डाग किंवा गज दिसला तर मात्र जाणकार इंजिनीयरला दाखवा, तो विषय वेगळा.

ओलावलेली (तीन आठवड्यांनी)

काम झालं! ज्यानं सगळं फोडा म्हटलं होतं त्याला नाही बोलावलं, दुसऱ्या एका मिस्त्रीकाकांना तुमचं वरचं सगळं वाचून दाखवलं. काका आधी जरा रागावले, मला शिकवता का म्हणून, पण वाळूवाली खुबी ऐकल्यावर म्हणाले हे सांगणारा माणूस कामाचा आहे. फोडल्यावर गळ्याच्या मागे कोब्यात चांगली मूठभर पोकळी होती आणि आत साबणाचा पांढरा चिकट थर. खोल बोळा घालून टेस्ट केली, दीड दिवस ठेवली, खाली काही नाही. नंतर मुद्दाम चार बादल्या एकदम ओतल्या, मुलाला अर्धा तास शॉवरखाली उभा केला (हे काम त्यानं आनंदानं केलं). आज अकरावा दिवस, पातेलं माळ्यावर गेलं.

डागाभोवती मी दर चार दिवसांनी रेघ मारतेय, आता छतावर नकाशातल्या डोंगरासारख्या एकात एक चार रेघा दिसतात आणि प्रत्येक रेघ आधीच्या आत आहे. पण कडेनं पांढरी पावडर येतेय, ते काय आहे? आणि आई रंग द्या म्हणून मागे लागलीये. छत टकटक करून बघितलं, एक हातभर भाग बद्द वाजत होता तो काकांनी पाडून घेतला, गज वगैरे काही दिसला नाही.

सिव्हिलवाला

पांढरं म्हणजे क्षार, पाणी वाळताना सिमेंटमधले बाहेर आणतं, लोणा म्हणतात तो. कोरड्या ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं पुसू नका, विरघळून परत आत जातो. रंगाची घाई अजिबात नको. कोबा आणि स्लॅब आतून वाळायला कित्येक आठवडे जातात आणि वरून रंगाचा पापुद्रा दिला की राहिलेली ओल तोच फोडून बाहेर येणार. रेघा सरकायच्या थांबल्या आणि प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवसांनी मागे दमटपणा नसला की मग बघा.

पाना_पक्कड

आईंना सांगा खिडकी उघडी आणि पंखा चालू. ट्यूबचा पॉइंट वाळल्यावर इलेक्ट्रिशियनकडून उघडून बघितल्याशिवाय लावू नका. आणि जाळीखाली केस अडवायची बारीक जाळी टाका, महिन्यातून एकदा उघडून साफ करायची. कोण करणार ते घरात ठरवा.

ओलावलेली

ठरलंय. ज्याचे केस नव्हते त्यानंच 😄

टाइल मात्र जुळली नाही, तसल्या आता मिळत नाहीत म्हणे, म्हणून जाळीभोवती चार गडद निळ्या लावल्यात. आई म्हणते मुद्दाम केल्यासारखं दिसतंय.